पेशंटला आधी विचारा की किती ऐकायचंय

बरेच जण म्हणतात की कॅन्सर असेल तर पेशंटला सांगूच नये, धीर सुटतो, नातेवाईकांनीच डॉक्टरांशी बोलावं. काळजी कळते हो, पण मला हे अजिबात पटत नाही. आमच्या थोरल्या काकांपासून घरच्यांनी फाइल लपवली होती, केमोच्या वेळी शेजारच्या बेडवाल्याशी गप्पा मारताना त्यांना सगळं कळलंच, मग ते आमच्यासमोर काही माहीत नसल्यासारखे वागायचे आणि आम्ही त्यांच्यासमोर, आणि काकूच्या नावावर काय करायचं, गावच्या जमिनीचं काय, हे बोलणं राहूनच गेलं.

सगळं एकदम तोंडावर सांगा असं नाही म्हणत मी. वाईट बातमी कशी सांगावी याची स्पाइक्स म्हणून एक पद्धत 2000 सालापासून आहे, त्यात डॉक्टर आधी विचारतात की तुम्हाला आजाराबद्दल काय माहितीये आणि अजून किती जाणून घ्यायचंय. नको म्हणाला तर नको, पण ते त्याने ठरवायचं ना, मुलाने नाही!

आणि ओपीडीत वेळ मिळत नाही हे खरंच, म्हणून प्रश्न कागदावर लिहून न्या. पहिला हाच विचारा, की ही ट्रीटमेंट आजार बरा करायला आहे का त्रास कमी करायला? शिवाय व्हेंटिलेटर वगैरे नको असेल तर लिव्हिंग विल, म्हणजे पुढे आपल्याला सांगता आलं नाही तर कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद, करता येतं, सुप्रीम कोर्टाने 2018 ला मान्यता दिलीय आणि 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरची सही चालते, मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही.