छोट्या फ्रिजचा केगरेटर : तुमचे अनुभव लिहा

काल जिन्याखाली कुणीतरी भंगारात द्यायला काढलेला बुटका फ्रिज दिसला आणि आमचा जुना आठवला. बाटल्या धुऊन धुऊन वैतागलेल्या भावाने घरच्या बिअरसाठी त्याचा केगरेटर, म्हणजे पिंपातली बिअर थंड ठेवून नळाने देणारा फ्रिज, केला होता. दाराच्या आतले कप्पे उचकटून सपाट शीट लावली, तेव्हा कुठे १९ लिटरचा केग (बिअरचं पिंप) आत घेऊन दार लागलं. कार्बन डायॉक्साइड गॅसचा सिलेंडर मागच्या कॉम्प्रेसरच्या उंचवट्यावर.

खरी मजा भोकाची. भाऊ ड्रिल घेऊन तयार, पण पत्र्याखाली नळ्या कुठून गेल्यात ते कुणाला ठाऊक? मग कॉर्नफ्लोअर स्पिरिटमध्ये कालवून बाहेरून लेप दिला. फ्रिज चालू केल्यावर जिथे गरम नळी तिथे लेप आधी वाळतो. बघता बघता दोन्ही बाजूंना पांढऱ्या नागमोडी रेघा उठल्या. वरचा पत्रा मोकळा निघाला, टॅप तिथे. तुमच्याकडे काय झालं? सगळं लिहा, फजितीसकट.

फेसबुवा
फेस. फेस. आणि फेस.

अर्धी_बादली
बुवा, नळी किती लांब आहे? ३/१६ इंची आतला व्यास असेल तर १०-१२ पीएसआय प्रेशरला साधारण १० फूट लागते. आखूड नळीतून बिअर सुसाट येते आणि ग्लासात सगळा गॅस सोडते. लोक प्रेशर कमी करतात. त्या दिवशी बरं वाटतं, पण हळूहळू केगातल्या बिअरमधलाच गॅस उडतो. मग ना धड बिअर ना धड फेस.

फेसबुवा
नळी बदलली होती हो. पहिलाच ग्लास फसफसतो, पुढचे ठीक.

अर्धी_बादली
मग टॉवर, म्हणजे फ्रिजवरचा टॅपचा उभा खांब, गरम राहतोय. कॉम्प्युटरचा छोटा पंखा आत ठेव, त्याला पाईप जोडून तो थेट टॉवरमध्ये वर ने. थंड हवा टॅपपर्यंत पोचली की झालं.

घाईत_आहे
नंतर सविस्तर लिहिते, दूध उतू जातंय. तूर्तास एवढंच, की नवरा म्हणाला "शनिवार-रविवारचं काम आहे". हॉलमध्ये अजून पत्र्याचा चुरा सापडतो.

पाना_पक्कड
वरची बर्फाची पेटी वाकवायची असेल तर फ्रिज बंद करून, बर्फ पूर्ण वितळू देऊन, अगदी सावकाश. त्या पातळ पत्र्यातच फ्रिज थंड करणारा गॅस फिरतो. आणि हल्लीच्या बऱ्याच छोट्या फ्रिजांत आर६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन, पेट घेणारा. ड्रिल लागला तर नुसता फ्रिज गेला इतक्यावर भागेलच असं नाही. स्पिरिटचा लेपही खिडक्या उघडून, विस्तव लांब ठेवून.

मनीमाऊची_आई
लेप कशाला? आमची मांजर फ्रिजच्या ज्या बाजूला चिकटून झोपते तिथे नळी. आजवर चुकलेली नाही.

घाईत_आहे
😂😂 मांजर भाड्याने देता का?

मनीमाऊची_आई
देते, पण फ्रिज तिला आवडला पाहिजे. सध्या पाय दुखावलाय, जिना चढत नाही.

पाना_पक्कड
अरेरे. दाखवलं का डॉक्टरांना?

सोडावाला
मी बिअर पीत नाही. तोच फ्रिज, तोच केग, आत नुसतं पाणी. दणदणीत सोडा. प्रेशर ३० पीएसआयच्या आसपास, त्यामुळे नळी बरीच लांब. एकदा रात्रीत अख्खा सिलेंडर रिकामा झाला. सिलेंडर आणि रेग्युलेटरमधला वॉशर चिरलेला निघाला, दहा पैशांची वस्तू! आता दर वेळी प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी मारतो, बुडबुडा दिसला की पाना.

पाना_पक्कड
लहान बंद खोलीत ठेवला असशील तर तुझंच नशीब. कार्बन डायॉक्साइड हवेपेक्षा जड, खाली साचतो, वासही येत नाही. हवा खेळती हवीच.

सोडावाला
व्हरांड्यात आहे. बायकोने आधीच हद्दपार केलंय.

नवशिका
थर्मोस्टॅट शून्याकडे जातो आणि केग गोठतो. काय करू?

अर्धी_बादली
बाहेरचा टेम्परेचर कंट्रोलर घे, फ्रिजचा प्लग त्यात. सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नकोस, नाहीतर दार उघडलं की कॉम्प्रेसर सुरू. केगला टेपने चिकटव, वरून फोमचा तुकडा. ३-४ अंशांवर सेट कर.

नवशिका
धन्यवाद दादा! आणि टॅपखाली ठिबकतं त्याचं?

घाईत_आहे
दूध गेलंच उतू. ठिबकण्याला साबणाची जाळीदार डबी ठेव, आमच्याकडे तीच आहे.

मनीमाऊची_आई
@पाना_पक्कड हो दाखवलं, मुरगळलाय फक्त. उद्या पट्टी काढायची.