मदत हवी आहे: सर्व्हरवरून फक्त नव्या फाइली उतरवायच्या आहेत

नमस्कार मंडळी. आमच्या औषधांच्या एजन्सीसाठी कंपनी रोज रात्री सर्व्हरवर बिलांच्या सीएसव्ही फाइली टाकते. तिथे फक्त एसएफटीपी (फाइली सुरक्षितपणे देण्या-घेण्याची पद्धत) आहे, शेल (सर्व्हरवर कमांड चालवायची सोय) नाही, म्हणून आरसिंक (फक्त बदललेल्या फाइली आणणारं टूल) बाद. डब्ल्यूगेट या डाउनलोडच्या टूलला एसएफटीपी कळतच नाही. शेवटी उबुंटू लिनक्सवर एलएफटीपी हे फाइली उतरवायचं टूल घेतलं, त्याच्या मिररला (सर्व्हरवरचं फोल्डर आपल्याकडे उतरवणारी कमांड) ओन्ली-न्यूअर (फक्त नव्या फाइली घे) हा पर्याय लावला आणि क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) पहाटे ५ ला टाकलं.

घोळ असा: फाइल वाचून झाली की माझी स्क्रिप्ट ती 'झालेले' फोल्डरमध्ये हलवते. मिररला ती जागेवर दिसली नाही की तो पुन्हा उतरवतो. परवा १४ बिलं दोनदा चढली. हिशेब बघणाऱ्या काकांनी सकाळी सकाळी जी खरडपट्टी काढली, विचारू नका.

फाइली न हलवता तिथेच ठेवू, की उतरवलेल्या नावांची यादी ठेवून ती वगळू? पण कंपनी कधीकधी त्याच नावाने दुरुस्त फाइल टाकते. मग नावासोबत साइज आणि वेळही नोंदवायची का?

आणि समोरून अपलोड चालू असताना अर्धवट फाइल येऊ नये म्हणून तुम्ही काय करता? मी दोन मिनिटांच्या अंतराने साइज ताडून बघतोय, पण जुगाडच वाटतो. कुणाची चालती स्क्रिप्ट असेल तर टाका, पासवर्ड काढून!