प्रतिसाद: अरुंद जागेतले थंड घर

जुन्या इंदुरातल्या बारा-पंधरा फूट रुंदीच्या जागेवर स्वस्त आणि थंड घर होणारच नाही, हे मत मला पटत नाही. अशा जागेच्या दोन्ही लांब भिंती शेजारच्या घरांनी झाकलेल्या असतात, त्यामुळे उष्णता शिरते ती मुख्यतः छतातून. रामबागेतल्या आमच्या घरी मे महिन्याच्या दुपारी सामाईक भिंतीला पाठ टेकली की गारवा लागतो, वरच्या खोलीत मात्र पंखाही गरम वारा फेकतो. म्हणून पैसा आधी गच्चीवर घालावा: पांढऱ्या टाइलांच्या तुकड्यांचे चायना मोझेक ऊन परतवते आणि गळतीही आवरते. पुढची-मागची भिंत रॅट-ट्रॅप पद्धतीने, म्हणजे विटा कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी राखून बांधल्यास विटा सुमारे २५ टक्के कमी लागतात. घराच्या मधला उघडा चौक, दोन हातांचा का असेना, कृपया कोणी बुजवू नये. दोन्ही बाजूंनी बंद असलेल्या घरात उजेड-वाऱ्याला दुसरी वाट नसते. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांच्या इथल्याच अरण्य वसाहतीत, जिला १९९५ मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला, गरीब कुटुंबांना जोते, नळ आणि शौचालय देऊन पुढचे घर ऐपतीप्रमाणे वाढवू दिले होते. पडक्या वाड्यांच्या जागांवरही तशी टप्प्याटप्प्याने बांधण्याची परवानगी मिळायला हवी.