तेलाचं जेल: वाटाण्याचं प्रोटीन तळाशीच का बसतं?

सूर्यफुलाच्या तेलात वाटाण्याच्या प्रोटीनची पावडर घातली, साधारण 10 टक्के, गरम केलं, ब्लेंडर फिरवला आणि रात्रभर ठेवलं तर सकाळी वर तेल आणि खाली गाळ. मग वैतागून 5 टक्के राइस ब्रॅन वॅक्स (तांदळाच्या कोंड्याचं मेण) टाकून बघितलं, ते घट्ट झालं पण रवाळ, आणि जिभेवर मेणचट लागतं. मला स्प्रेड करायचाय, लोण्यासारखा. कुठे चुकतंय?

उत्तर १:
प्रोटीनला पाणी लागतं हो. कोरडी पावडर तेलात उलगडतच नाही, कितीही तापवा, वाळू टाकल्यासारखंच ते. लॅबमध्ये आधी पाण्यात प्रोटीन भिजवून तेलाचं इमल्शन (पाण्यात तेलाचे बारीक थेंब) करतात, ते फ्रीज ड्राय करतात, म्हणजे गोठवून सुकवतात, आणि मग घोटतात. घरी हे कोण करणार! त्यापेक्षा तुमच्या त्याच गाळावर थेंब थेंब पाणी घालत जोरात फेटून बघा, पाण्याने कण एकमेकांना चिकटतात आणि त्या जाळीत तेल अडकतं. पाणी जास्त झालं की मात्र कणकेचे गोळे होतात, माझे दोनदा झालेत. आणि पाणी आलं म्हणजे फ्रीजमध्येच ठेवायचं, लवकर संपवायचं.

उत्तर २:
वॅक्स 5 टक्के कशाला? 2 पासून सुरू करा, राइस ब्रॅनला तेवढं पुरतं, कार्नौबा (ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांचं मेण) असतं तर जास्त लागलं असतं. ते वितळतं 80 डिग्रीच्या आसपास, म्हणजे तोंडात काही वितळत नाही, मेणचट लागणारच. 90 पर्यंत नेऊन 10 मिनिटं ठेवा म्हणजे एकही कण राहणार नाही, मग भांडं थेट बर्फाच्या पाण्यात. हळू गार केलं की स्फटिक मोठे होतात, रवाळपणा त्याचाच. घट्ट व्हायला लागलं की चमचा घालू नका, स्फटिकांची मोडलेली जाळी पहिल्यासारखी परत जुळत नाही. वॅक्स फूड ग्रेडच आहे ना? मेणबत्तीवालं नको.

प्रश्न विचारणारा:
फूड ग्रेडच आहे. मी गार होताना सतत ढवळत होतो, गुठळ्या नकोत म्हणून 😅 वॅक्सऐवजी इथाइल सेल्युलोजने (सेल्युलोजपासून केलेली, तेल घट्ट करणारी पावडर) मेणचटपणा जाईल का?

उत्तर २:
जाईल, पण त्याला 140 च्या वर तापवावं लागतं आणि तेवढ्यात सूर्यफुलाच्या तेलाला वास येतो. आधी 2 टक्केवालं करून बघा आणि यावेळी हात खिशात ठेवा.