पगार पडला का? : उशिरा, अर्धा किंवा हप्त्याहप्त्याने मिळालेल्या पगाराचे अनुभव

धागाकर्ती (कारकून_बाई):
राज्याच्या तिजोरीत खडखडाट आहे, ही बातमी आपण दर मार्चला वाचतो. ती बातमी सरकारी माणसाच्या घरी कशी पोचते, यावर मात्र फारसं कुणी लिहीत नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी धरली होती आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी. म्हणजे ४५,८९१ कोटींची तूट, आणि डोक्यावर नऊ लाख कोटींहून जास्त कर्ज. पगार, पेन्शन आणि व्याज यांतच जमेचा निम्म्याहून जास्त भाग जातो. आता पगार उघडपणे कापला तर मोर्चा निघणार. म्हणून आपल्याकडे पगार कापत नाहीत, लांबवतात.

सरकारी, निमसरकारी, झेडपी, एसटी, कंत्राटी, निवृत्त, सगळ्यांनी लिहा. कार्यालयाचं आणि साहेबांचं नाव नको. ‘सरकारी नोकरांना काय कमी आहे’ हा वाद होणारच आहे, पण आधी पाच-सहा अनुभव तरी येऊ द्यात.

सुरुवात मीच करते. मार्च २०२० चा पगार. टाळेबंदी नुकतीच लागलेली. आधी टीव्हीवर ‘कपात’ म्हणून बातमी आली, मग खुलासा आला की पगार दोन टप्प्यांत देणार. अ आणि ब वर्गाला आत्ता निम्मा, क वर्गाला पंचाहत्तर टक्के, ड वर्गाला पूर्ण. आमच्या घरात नवरा ब वर्ग, मी क. त्याचा निम्मा पगार गृहकर्जाच्या हप्त्यात गेला आणि माझ्या पाऊण पगारात किराणा, सासूबाईंची औषधं आणि मुलाच्या ऑनलाइन शाळेसाठी नवा मोबाइल बसवायचा होता. आमच्या शिपायाला त्या महिन्यात पूर्ण पगार मिळाला. त्याने मला फोन करून विचारलं, “ताई, काही अडलं तर सांगा, लाजू नका.” वीस वर्षांत त्याच्याकडून पैसे उसने घ्यायची वेळ आली नव्हती. तेव्हाही घेतले नाहीत, पण विचारलंन हे लक्षात राहिलं.

जुना_हेडक्लार्क:
मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा जुनी गोष्ट सांगतो. १४ डिसेंबर १९७७ पासून राज्य कर्मचाऱ्यांचा संप झाला, तो ५४ दिवस चालला. र. ग. कर्णिक आमचे नेते, मुख्यमंत्री वसंतदादा. मागणी मुख्य एकच : महागाई भत्ता केंद्राच्या दराने द्या. मी नोकरीत नवा, लग्न ठरलेलं. पगाराच्या तारखा कोरड्या गेल्या. वाण्याने वहीवर माल दिला, त्याबद्दल त्याचे आभार. होणाऱ्या सासऱ्यांनी मात्र ‘संप मिटू द्या, मग मुहूर्त बघू’ असा निरोप धाडला.

आज दर केंद्राचाच मिळतो, तारीख मात्र केंद्राची मिळत नाही. तिकडे भत्ता जाहीर झाला की आमच्या पेन्शनर कट्ट्यावर ‘आपला जीआर कधी?’ हा विषय पुढे काही महिने पुरतो. मधल्या महिन्यांचा फरक कधी येईल ते सरकारच जाणे. पूर्वी तो फरक हाती पडेपर्यंत पुढचा भत्ता जाहीर झालेला असे.

लेखाशीर्ष:
मी ट्रेझरीच्या बाजूने लिहितो, शिव्या पडणार हे गृहीत धरून.

लोकांना वाटतं ट्रेझरीत पैसे असतात आणि आम्ही ते दाबून बसतो. प्रत्यक्षात प्रत्येक खर्चाचं लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी हिशोबातलं वेगळं खातं, असतं आणि त्या शीर्षावर तरतूद वितरित झाली असेल तरच बिल पास होतं. अर्थसंकल्पात शंभर रुपये मंजूर असले तरी वित्त विभाग ते एकदम सोडत नाही, टप्प्याटप्प्याने सोडतो. पगाराचं शीर्ष शक्यतो आधी भागवतात. मागे काय राहतं? वैद्यकीय बिलं, प्रवास भत्ता, थकबाकी, रजा रोखीकरण. ‘पैसे नाहीत’ असं कुणी कधी लिहून देत नाही. ‘अनुदान उपलब्ध नाही’ असंही तोंडीच सांगतात. कागदावर येतो तो आक्षेप : प्रमाणपत्र जोडलेलं नाही, सही अस्पष्ट, आदेशाची प्रत साक्षांकित नाही. यातले काही आक्षेप खरे असतात. काही का असतात, ते तुम्ही ओळखा.

३१ मार्चच्या रात्री कधी ट्रेझरीत या. रात्री नऊनंतर वरून एखाद्या शीर्षावर तरतूद पडते आणि व्हरांड्यात बसलेले लिपिक बिलांचे गठ्ठे घेऊन धावतात. बारा वाजले की जे राहिलं ते व्यपगत, म्हणजे ती तरतूद संपली, नव्या वर्षात पुन्हा मागणी. एका पंचायत समितीचा माणूस टोकन हातात धरून काउंटरसमोर उभा होता. तो संगणकाकडे नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. अकरा पन्नासला त्याचं बिल पास झालं. त्याच्या मागच्याचं नाही झालं.

झेडपी_गुरुजी:
वर लेखाशीर्ष साहेबांनी सांगितलं ते सगळं आमच्या हाडामासी खिळलंय. पगार एक तारखेला व्हावा म्हणून ‘शालार्थ’ ही शिक्षकांच्या पगाराची ऑनलाइन प्रणाली आली. तरी आमच्याकडं ‘पगार झाला का’ हा ग्रुपवरचा मेसेज पाच तारखेला सुरू होतो अन् काही महिन्यांत पंधरा तारखेपर्यंत चालतो. घरकर्जाचा हप्ता पाच तारखेचा. बाऊन्स झाला की बँक दंड लावते, वर सिबिल खराब. बँकेला म्हणलं तारीख बदलून द्या, तर म्हणे, “सर, तुमचा पगार सरकारी आहे ना?”

सगळ्यात जास्त जीव खाल्ला तो भविष्य निर्वाह निधीनं. स्वतःचे पैसे, वर्षानुवर्षं कापलेले. मुलीच्या लग्नासाठी ना-परतावा, म्हणजे परत न भरायची रक्कम, मागितली. मंजुरी मिळाली, पण बीडीएस, म्हणजे तरतूद सोडल्याची ऑनलाइन पावती, निघंना. रोज दुपारच्या सुट्टीत केंद्रप्रमुखांना फोन. हॉलवाला आगाऊ रकमेसाठी मागं लागलेला. शेवटी शिक्षक पतसंस्थेतून कर्ज काढून लग्न लावलं. निधीचे पैसे आले तेव्हा मुलगी पहिल्या दिवाळसणाला आली होती. ते पैसे कर्ज फेडण्यात गेले, मधलं व्याज माझ्या अंगावर. आता याला कपात म्हणायचं का नाही, तुम्हीच सांगा.

हिंजवडीकर:
वाद नको म्हणालात, तरी विचारतो. २०२० मध्ये आमच्या कंपनीने एका मीटिंगमध्ये माझ्या टीममधल्या निम्म्या लोकांना घरी बसवलं. त्यांचा पगार ना दोन टप्प्यांत आला, ना उशिरा. आलाच नाही. तुमचा अडकलेला पगार शेवटी मिळाला ना?

कारकून_बाई:
मिळाला. तो नंतर पूर्ण मिळाला, हे मान्य. पण महागाई भत्त्याचं तसं नाही. १ जानेवारी २०२० ते ३० जून २०२१ तो सतरा टक्क्यांवर गोठवला होता, त्या अठरा महिन्यांचा फरक केंद्रानेही दिला नाही आणि आपल्यालाही नाही. सातव्या वेतन आयोगाची थकबाकी पाच वार्षिक हप्त्यांत द्यायची ठरली होती. त्यातला २०२० चा दुसरा हप्ता वर्षभर पुढे गेला, मग बाकीचेही सरकले. तुमच्या टीमचं जे झालं ते वाईटच. पण त्यामुळे आमचा उशीर बरोबर ठरतो, असं मला वाटत नाही.

डबल_बेल:
एसटीत वाहक आहे. आम्ही सरकारी नाही, आम्ही महामंडळाचे. पण पगाराला पैसे कमी पडले की सगळ्यांची नजर मंत्रालयाकडंच. गणित असं : पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, शिवाय विद्यार्थी, दिव्यांग अशा जुन्या सवलती. या सवलतींचे पैसे सरकारनं महामंडळाला भरून द्यायचे. ते कमी आले की पगार कमी. मार्च २०२५ चा पगार एप्रिलमध्ये छप्पन्न टक्केच आला, पेपरात सगळ्यांनी वाचलं असंल.

त्या आठवड्यातली माझी फेरी सांगतो. लग्नसराई, गाडी खच्चून भरलेली, पाय ठेवायला जागा नाही. मशीनमधून तिकीट निघतंय, निघतंय, थांबायचं नावच नाही. एक आजी म्हणाल्या, “मास्तर, तुमची तर चांदी आहे बाबा, गाड्या भरून चालल्यात.” काय सांगणार त्यांना? माझ्या बॅगेतल्या तिकिटांची उरलेली किंमत मुंबईत अडकलेली होती. सवलतीला माझा विरोध नाही, माझी आई पण त्याच तिकिटावर माहेरी जाती. फक्त ज्या दिवशी घोषणा करता, त्या दिवशी पैसे पण बाजूला काढून ठेवा.

वीस_टक्के:
डबल_बेल भाऊ, छप्पन्न टक्के ऐकून हेवा वाटला, राग मानू नका. आमची शाळा ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर सुरू झालेली. २००९ मध्ये ‘कायम’ शब्द काढला, तेव्हा वाटलं आता सुटलो. मग टप्प्याटप्प्याने वाढणारं पगाराचं अनुदान, म्हणजे टप्पा अनुदान आलं : वीस टक्के, चाळीस, साठ, ऐंशी. आमच्या स्टाफरूममध्ये ‘पगार पडला का’ असं कुणी विचारत नाही, ‘टप्पा कितवा?’ असं विचारतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुढच्या टप्प्याचा जीआर निघाला, पेढे वाटले. त्याच्यासोबत तरतूद आली नाही. जुलै २०२५ मध्ये भर पावसात आझाद मैदानावर बसलो, तेव्हा कुठे हालचाल झाली. माझ्या हाताखाली दहावीला शिकलेला पोरगा गावात मोबाइल दुरुस्त करतो. स्क्रीन बदलायला गेलो तर माझ्याकडून पैसे घेत नाही. म्हणून आता मी दुसऱ्या दुकानात जातो.

शुक्रवार_बंद:
परदेशातला अनुभव चालेल ना? २००९ मध्ये मी कॅलिफोर्निया राज्याच्या एका खात्यात सॅक्रामेंटोला नोकरीला होतो. मंदीत राज्याचं उत्पन्न कोसळलं. गव्हर्नर श्वार्झनेगरनी फेब्रुवारीपासून महिन्यातले दोन शुक्रवार बिनपगारी सुट्टी लावली आणि जुलैपासून तीन. तीन शुक्रवार म्हणजे पगारात साधारण चौदा टक्के घट. ऑफिसला अक्षरशः कुलूप असायचं. काम मात्र पाच दिवसांचंच. त्याच जुलैत राज्याने करपरताव्यांसाठी आणि पुरवठादारांना रोख रकमेऐवजी ‘नंतर देऊ’ अशा चिठ्ठ्या दिल्या. पगार मात्र चिठ्ठीवर आला नाही, एवढंच समाधान. पुण्यात आईला फोनवर सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना : “अमेरिकेतसुद्धा?”

फरक एकच जाणवला. तिकडे किती टक्के आणि कधीपासून हे लेखी कळलं, त्यामुळे घरमालकाला, बँकेला दाखवायला हातात काहीतरी होतं. संघटना त्यावर कोर्टातही गेल्या. तोंडी ‘ग्रँट आली नाही’वर कोर्टात कसं जाणार?

उपकेंद्र_सिस्टर:
आरोग्य अभियानात कंत्राटी आहे. आम्हाला पगार नाही, मानधन. साठ टक्के केंद्राचं, चाळीस राज्याचं, आणि एकाचा हिस्सा आला नाही की दुसऱ्याचाही अडतो. उशीर झाला तर कुणाकडे भांडायचं हेच कळत नाही. दिल्ली म्हणते पाठवले, मुंबई म्हणते आले नाहीत. लसीकरणाचं टार्गेट मात्र त्याच तारखेला. जास्त लिहीत नाही, कराराचं नूतनीकरण जवळ आलंय.

झेडपी_गुरुजी:
लेखाशीर्ष साहेब, एक विचारू का? बायकोच्या ऑपरेशनचं वैद्यकीय बिल आहे. जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र झालंय, मंजुरी आदेश पण आहे, पण गेल्या वर्षीचा. आता विचारलं की ‘यादीत आहे’ एवढंच सांगतात.

लेखाशीर्ष:
गुरुजी, आदेश गेल्या आर्थिक वर्षातला असेल आणि बिल तेव्हा निघालं नसेल, तर ती तरतूद मार्चअखेर गेली. तुमच्या बिलाची रक्कम या वर्षीच्या अनुदान मागणीत धरली आहे का, ते आधी पंचायत समितीच्या लेखा शाखेत बघा. मागणीत नसेल तर ‘यादीत आहे’ला काही अर्थ नाही. लेखी अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या, मूळ प्रमाणपत्राच्या दोन झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा. आणि हे डिसेंबरच्या आत करा. पुरवणी मागण्यांची वेळ टळली की पुन्हा मार्चच्या व्हरांड्यातच बसावं लागेल.