मदत हवी आहे: आई-बाबा प्रागला पोचले, बॅगा मध्येच राहिल्या, परवा व्हिएन्नाला निघायचंय

नमस्कार मंडळी,

घाईत लिहितेय, सांभाळून घ्या. आई-बाबा आज, गुरुवारी दुपारी प्रागला उतरले. मुंबईपासून एकच तिकीट, मध्ये एकदा विमान बदलायचं. दोघं नीट पोचले, बॅगा पोचल्या नाहीत. मधल्या विमानतळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यावरून कंपनी लगेच ओळखू येईल, आणि मला आत्ता तक्रार करायची नाही, बॅगा हव्या आहेत.

मुंबईहूनच विमान उशिरा सुटलं. मधला थांबा सव्वा तासाचा, त्यातला बराचसा त्या उशिरातच संपला. शेंगेनमध्ये (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) शिरताना इमिग्रेशन त्या मधल्या विमानतळावर होतं, प्रागला नाही. त्यात १२ ऑक्टोबर २०२५पासून ईईएस सुरू झालंय, म्हणजे पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो. बाबांचे ठसे मशीन घेईना. मागची रांग वाढत गेली. शेवटी तिथल्या एका बाईंनी बोर्डिंग पासवरची वेळ बघून त्यांना पुढे काढलं. बाबांचा गुडघा दुखरा आहे, तरी त्या गुडघ्यावर धावत त्यांनी गेट गाठलं.

बॅगा दोन आहेत. एक मोठी, चेक-इन केलेली. दुसरी आईची केबिन बॅग. ती मुंबईला गेटवर 'विमान भरलंय' म्हणून मागून घेतली आणि टॅग लावून खाली पाठवली. नेमक्या तिच्यातच आईच्या बीपीच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या आहेत. पर्समध्ये आहेत त्या रविवारपर्यंत पुरतील. माझी खरी काळजी ही आहे, कपड्यांचं काहीही चालेल.

बाबांनी हॉलमधून बाहेर पडायच्या आधी काउंटरवर जाऊन पीआयआर, म्हणजे बॅग न मिळाल्याची नोंद, करून घेतला. पाच अक्षरं आणि पाच आकडे असा फाइल नंबर मिळालाय, वेबसाइटवर तो टाकला की 'शोध चालू आहे' एवढंच दिसतं. कागदाचा फोटो पाहिला तर त्यावर टॅगचा नंबर एकच आहे, मोठ्या बॅगेचा. पत्ता प्रागच्या हॉटेलचा.

शनिवारी सकाळी त्यांची व्हिएन्नाची ट्रेन आहे, तिथली हॉटेलं आगाऊ भरलेली. बॅगेसाठी प्रागला थांबावं का? पत्ता बदलला तर शोध पहिल्यापासून सुरू होतो का? लागणाऱ्या वस्तू विकत घेतल्या तर ते पैसे कंपनी देते की विमा? आणि भारतातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिकडे गोळ्या मिळतात का? मोठ्या बॅगेत भावाने एअरटॅग (आयफोनवर ठिकाण दाखवणारी छोटी चकती) टाकलाय. तो अजून मधलाच विमानतळ दाखवतोय.

आणखी एक. परतीला व्हिएन्नाहून निघून त्याच विमानतळावर पंचावन्न मिनिटांचा थांबा आहे. आजचं पाहून मला धडकी भरलीय.

प्रतिसाद

थांबू नका, ठरल्या ट्रेनने जाऊ द्या. फाइलमध्ये पुढचा मुक्काम तारखेसकट घालता येतो, शोध नव्याने सुरू होत नाही. बॅग अजून मधल्याच विमानतळावर असेल तर तिथून ती थेट व्हिएन्नाच्या विमानात चढवता येते. उद्या दुपारपर्यंत 'प्रागला रवाना' असं दिसलं नाही, तर सरळ व्हिएन्नाचा पत्ता द्या. शनिवारी सकाळी बॅग प्रागच्या हॉटेलात आणि माणसं ट्रेनमध्ये, असं व्हायला नको.

पण त्याआधी दुसरा टॅग! शोध टॅगच्या नंबरावर चालतो. जो नंबर फाइलमध्ये नाही, ती बॅग कोणी शोधतच नाहीये. गेटवर मिळालेल्या चिठ्ठीचा फोटो पाठवून आजच तो त्याच फाइलमध्ये घालायला सांगा. एअरटॅगचं म्हणाल तर आयफोनच्या आयओएस १८.२पासून त्याच्या ठिकाणाची लिंक तयार करता येते, बऱ्याच कंपन्या ती घेतात.

प्रतिसाद

पैशांबद्दल. विमान कंपनीची प्रवासी आणि बॅगांबद्दलची जबाबदारी ठरवणारा आंतरराष्ट्रीय मॉन्ट्रियल करार १९९९चा, भारतात २००९पासून लागू. डिसेंबर २०२४पासून बॅगांसाठी कंपनीच्या जबाबदारीची मर्यादा दर प्रवाशामागे १५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) आहे, रुपयांत साधारण पावणेदोन ते दोन लाखांच्या दरम्यान. ही कमाल मर्यादा आहे, सरसकट मिळणारी रक्कम नाही. अंतर्वस्त्रं, ब्रश, एखादा जोड, गोळ्या असा गरजेपुरता खर्च मागता येतो, प्रत्येक पावती जपून ठेवा. उशिरा मिळालेल्या बॅगेची मागणी ती हातात आल्यापासून २१ दिवसांत लेखी करायची, आतलं काही मोडलं असेल तर ७ दिवसांत. पीआयआर केला म्हणजे मागणी केली असं नाही, इथे पुष्कळ लोक फसतात. २१ दिवसांत बॅग आलीच नाही तर ती हरवली असं धरून दावा करता येतो. विमा कंपनीलाही आत्ताच कळवा. उशिराच्या बॅगेचं कलम बहुतेक पॉलिसींत असतं, मात्र ते ठरावीक तास उलटल्यावरच लागू होतं. एकाच पावतीचे पैसे दोन्हीकडून मात्र मिळत नाहीत.

प्रतिसाद

मी व्हिएन्नात राहते. कपड्यांची खरेदी प्रागलाच उरका, इथे रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची काही सोडली तर. औषधाची दुकानंही रविवारी पाळीपाळीने उघडी असतात. भारतातल्या चिठ्ठीवर गोळ्या मिळतील असं धरून चालू नका, इथल्या डॉक्टरकडे जावं लागेल. विम्याच्या मदत क्रमांकावर फोन केला की ते डॉक्टर सुचवतात, आणि १४५० हा इथला आरोग्य सल्ल्याचा नंबर आहे. तुमच्या डॉक्टरांकडून गोळ्यांची मूळ रासायनिक नावं आणि मिलिग्रॅम इंग्रजीत लिहून घ्या. आपल्याकडची ब्रँडची नावं इथे कोणाला कळत नाहीत. मधे डोस चुकला तर काय करायचं, तेही त्यांनाच विचारा.

बॅगेत काय आहे असं विचारलं तर खरं सांगायचं. तूप, पेढे वगैरे दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला युरोपीय संघात मनाई आहे, ते काढून घेतात.

परतीसाठी आत्ताच व्हीलचेअरची मदत मागून ठेवा, गुडघ्याचं कारण पुरेसं आहे. युरोपीय नियमांप्रमाणे ती फुकट असते, फक्त निदान ४८ तास आधी कळवायला हवं.

धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रीच दुसरा टॅग फाइलमध्ये घालायला लावला आणि आज सकाळी उत्तर आलं: आईची बॅग कालच संध्याकाळच्या विमानाने प्रागला आली होती! मागणारं कोणी नाही म्हणून तिथेच पडून होती. हॉटेलवर पोचवायला उद्या दुपार म्हणाले, तोवर हे दोघं ट्रेनमध्ये असणार. म्हणून बाबा स्वतःच गेले, मेट्रोने वेलेस्लाविन स्टेशन आणि पुढे ५९ नंबरची ट्रॉलीबस. गोळ्या मिळाल्या. आईचा आवाज फोनवर इतका मोकळा कालपासून पहिल्यांदा ऐकला.

मोठी बॅग अजून मधल्याच विमानतळावर आहे. पत्ता व्हिएन्नाचा दिलाय, एअरटॅगची लिंकही पाठवलीय. विमा कंपनीला मेल केला.

आता राहिली परतीची पंचावन्न मिनिटं. व्हीलचेअर नोंदवली आहे, पण जाताना शेंगेनमधून बाहेर पडायची तपासणी तिथेच व्हायची. एकाच तिकिटावर व्हिएन्नाहून त्याच दिवशीचं आधीचं विमान घेऊन थांबा वाढवायचा, असा बदल कोणी करून घेतलाय का? फोनवर काय सांगितल्यावर ते तयार होतात, आणि फरकाचे पैसे लावतात का?