होळी ते अक्षय्य तृतीया: ज्येष्ठांच्या वसाहतीत काय काय करता येईल? (ठाणे)

घोडबंदरकर

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडवरच्या एका ज्येष्ठ नागरिक वसाहतीच्या कार्यक्रम समितीत आहे. राहणारे साठच्या आसपास, वयं ६८ ते ९१. दहाबारा जण काठी किंवा वॉकर घेऊन चालतात, दोघं व्हीलचेअरवर. मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी.

वसंतोत्सव म्हटलं की सुगम संगीत, एक भाषण आणि बटाटेवडे, एवढंच ठरलेलं. बसून ऐकण्यापेक्षा हाताला काम मिळेल असं काहीतरी हवंय. डोक्यात आहे ते असं: गच्चीवर वाळवण, चैत्रगौरीची डाळ-पन्हं, फ्लेमिंगो बघायची सहल, कुंड्या. प्रमाणं, वेळा आणि कुठे गडबड होते ते जाणकारांनी सांगावं. उन्हाची धास्ती सर्वांत जास्त आहे.

---

फिजिओ_नौपाडा

उन्हापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं वेळापत्रक त्यावरच बसवायचंय.

ठाण्यात मे महिन्याइतकाच मार्च त्रास देतो. फेब्रुवारी संपता संपता पूर्वेकडचे कोरडे वारे सुटतात, समुद्राचा वारा दुपारपर्यंत आत येत नाही आणि पारा एकदम चढतो. किनारपट्टीला ३७ अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू होतो, ४० ची वाट बघायची नसते. शरीराला सवय झालेली नसताना हे होतं, म्हणून सांभाळायचं.

बाहेरचं सगळं सकाळी पावणेसात ते साडेआठ. संध्याकाळी सहानंतर. दुपारी १२ ते ४ सभागृहाबाहेर काहीही ठेवू नका, मांडव घातलात तरी. मांडवाखाली ऊन लागत नाही, पण गरम हवा कोंडते.

वयाबरोबर तहान लागणं कमी होतं, त्यामुळे "तहान लागली की पितील" हे चालत नाही. दर पाऊण तासाला कुणीतरी ग्लास हातात द्यायचा. मात्र "सर्वांनी ३ लिटर प्या" असा फलक लावू नका. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या त्रासामुळे ज्यांना पाणी मोजून दिलंय त्यांची यादी नर्सकडून आधी घ्या. ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटरमध्ये अख्खं एकदम घालायचं. अर्धं आज, अर्धं उद्या असं केलं की क्षारांचं प्रमाण बिघडतं. कालवलेलं २४ तासांनी ओतून टाका. आणि ते सरबत म्हणून वाटू नका, त्यात मीठ आणि साखर दोन्ही असतात.

लघवी वाढवणाऱ्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळा लागताना डॉक्टरांकडून एकदा डोस तपासून घ्यावा. नर्सने बसून आणि उभं राहून असा दोनदा दाब मोजावा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर त्या व्यक्तीला खुर्चीतूनच भाग घेऊ द्या. असा दाब उतरणारी माणसं उठताना पडायची भीती जास्त.

एक बारीक गोष्ट: कॅरमची पावडर. स्पर्धा ठेवली की फरशीवर उडते आणि वॉकरचे रबरी बूच घसरतात. बोर्डाखाली जुनी सतरंजी नको, तिची कड पायात येते. प्रत्येक डावानंतर ओलं फडकं मारा, मग कोरडं.

---

सुगरण_ऐरोली

वाळवण उत्तम कल्पना, फक्त चैत्रापर्यंत थांबू नका. होळीच्या आगेमागे हवा कोरडी असते तेव्हाच उरका. एप्रिलमध्ये दमटपणा वाढतो, पापड्या दिवसभर वाळतात आणि रात्री पुन्हा मऊ पडतात. असं दोनतीनदा झालं की आंबूस वास येतो.

साठ जणांच्या हातांना साबुदाण्याच्या पापड्या बऱ्या. लाटायचं नाही, जोर लागत नाही, पळीने घालायच्या. १ किलो साबुदाणा दोनतीन पाण्यांनी धुऊन रात्री भिजवा, पाणी वर बोटाचं एक पेर. सकाळी ५ लिटर पाणी उकळून त्यात जिरं, २० ग्रॅम मीठ आणि साबुदाणा घालून सतत ढवळा. मीठ चवीला कमीच वाटलं पाहिजे, वाळल्यावर खारटपणा वाढतो. दाणा आरपार दिसायला लागला आणि पळीतून जाडसर धार पडली की गॅस बंद. अर्धवट शिजलेला दाणा तळताना फुलत नाही, दाताखाली खड्यासारखा येतो. शिजवायचं काम स्वयंपाकघराचं. ते गरम पातेलं टेबलावर आणू नका, कोमट झालेलं मिश्रण छोट्या वाट्यांतून द्या.

आता मुख्य मुद्दा. लोकांना गच्चीवर नेऊ नका, ट्रे गच्चीवर न्या. सभागृहात साडेसात ते साडेनऊ काम. टेबल ७५ सेंटिमीटर उंच, खाली पाट्या-फळ्या नसलेलं, म्हणजे व्हीलचेअर आत जाते. जाड प्लॅस्टिकचा कागद ट्रेवर चिकटपट्टीने ताणून बसवा. सुरकुती राहिली की पापडी तिथेच तुटते. ट्रे मदतनिसांनी वर न्यायचे, वर मलमल बांधायची, कबुतरांचा बंदोबस्त हाच. दुसऱ्या दिवशी सकाळी कडा सुटलेल्या दिसतील तेव्हा उलटायच्या. त्याआधी ओढल्या तर मधला ओला भाग कागदाला राहतो. चारच्या आत ट्रे खाली. दोन-तीन कडकडीत उन्हं पुरतात. मोडल्यावर टच्चकन आवाज आला पाहिजे, वाकली तर अजून एक ऊन.

मधुमेहवाल्यांनी करायच्या, नातवंडांना द्यायच्या. साबुदाण्याने साखर भराभर वाढते.

होळीची पुरणपोळी: १ किलो डाळीला पाऊण किलो ते १ किलो गूळ, त्यात मध्यम आकाराच्या २५-२८ होतात. माणशी एक धरून अडीच किलो डाळ घ्या. गूळ घातला म्हणजे साखर टळली असं मधुमेह्यांना कुणी सांगत असेल तर त्याला थांबवा. त्यांना अर्धी पोळी, वर कटाची आमटी भरपूर.

आंब्याची डाळ, ६० जणांना: हरभरा डाळ २ किलो, भिजून जवळजवळ दुप्पट होते. ४-५ तास भिजवा, तासभर निथळा, पाणी न घालता भरड वाटा. निथळली नाही तर पिठलं होतं. किसलेली कैरी ८०० ग्रॅम ते १ किलो, पण सगळी एकदम नको. एखादी कैरी फार आंबट निघते. हिरव्या मिरच्या, मीठ, चिमूटभर साखर, वरून हिंग-मोहरी-हळद-कढीपत्त्याची फोडणी गार करून. गरम फोडणीने कच्ची डाळ चिकट होते.

पन्हं १५० मिलीचे ६० ग्लास म्हणजे ९ लिटर. त्याला कैऱ्या पावणेदोन किलोच्या आसपास. उकडून गर काढला की साधारण किलोभर मिळतो. गूळ सव्वा किलो, मीठ, वेलदोडा, केशर असेल तर दोन काड्या. एका ग्लासात २० ग्रॅम गूळ जातो, म्हणून बिनगुळाचं वेगळं पातेलं करा: गर, भाजलेलं जिरं, पुदिना, किंचित मीठ. रक्तदाबवाल्यांसाठी मीठ हात राखून. दोन्ही पातेल्यांना चिठ्ठी आणि वेगळ्या रंगाचे ग्लास. चिठ्ठी कुणी वाचत नाही, रंग लक्षात राहतो.

---

डाएटवाली_खारघर

सुगरणताई, बाकी सगळं मान्य, पण कच्ची वाटली डाळ ऐंशीच्या पुढच्यांना नको. गुबारा धरतो आणि कवळीखाली कण अडकतात. वाटल्यावर चाळणीवर १०-१२ मिनिटं वाफवून मोकळी करा, मग कैरी मिसळा. चवीत फरक पडतो, नाकारत नाही.

शिवाय उन्हाळ्यात ती तासाभराच्या वर बाहेर ठेवू नये. खोबरं घालायचं तर अगदी वाढताना. थोडी थोडी फ्रिजमधून काढा, उरलेली रात्रीच्या जेवणात फिरवू नका.

---

सुगरण_ऐरोली

वाफवलेली म्हणजे मोकळ भाजीच झाली की! असो, दोन पातेली करा: अर्धी कच्ची, अर्धी वाफवलेली. ज्यांना पचते त्यांचा हट्ट का मोडायचा?

---

पाणथळ_नेरूळ

फ्लेमिंगोंबद्दल. ते साधारण नोव्हेंबर ते मे असतात, मार्च-एप्रिल चांगला काळ. ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून खाडीत बोट जाते. ठाणे खाडी अभयारण्य २०१५ चं, २०२२ मध्ये रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आलं. बोटीत चढताना पायरी आणि हलणारी कड असते, त्यामुळे वॉकरवाल्यांना आणि व्हीलचेअरला ते जमणार नाही. फक्त ठणठणीत असलेल्यांचा वेगळा गट करा, बोटीची वेळ भरतीवर ठरते म्हणून आधी नोंदणी.

सर्वांसाठी नेरूळ बरं: डीपीएस तलाव, टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळची पाणथळ. गाडीतून उतरून थोडक्यात बघता येतं. ओहोटीला पक्षी खाडीच्या चिखलात दूरवर चरतात, भरतीला चिखल बुडतो तेव्हा आत तलावांकडे येतात. म्हणजे जायचं भरतीला. ही वेळ चुकली की बस रिकामं पाणी बघून परत येते.

वेळेचा कोळ्यांचा जुना हिशेब: तिथीची पाऊणपट. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. अंदाज आहे, नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघा, खाडीत आतवर भरती थोडी उशिराच पोचते. एकादशीला निम्मे लोक उपासाचे असणार, तेव्हा द्वादशी धरा. घोडबंदरहून पावणेसातला निघालात तर आरामात पोचाल, दहाला परत.

दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी) पुरे. १०×५० थरथरत्या हाताला स्थिर राहत नाही, चित्र नाचतं. दोनतीन घडीच्या खुर्च्या न्या. आणि निघायच्या आधी शौचालय कुठे आहे ते ठरवून ठेवा. सहली त्यावरून फिसकटतात, पक्ष्यांवरून नाही.

---

मातीतला_कळवा

कुंड्या थोडक्यात. जमिनीवर ठेवू नका, ७०-७५ सेंटिमीटरच्या लोखंडी स्टँडवर ठेवा, वाकणं नको. १२ इंची कुंडीला दोन भाग माती, एक भाग मुरलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट. आता भेंडी, गवार, काकडी लावता येईल. मोगरा लगेच छाटा, एक तृतीयांश, चारपाच दिवस पाणी तोडा, मग खत आणि पाणी. पाचसहा तास ऊन नसेल तर नुसती पानं येतील.

खालच्या ताटल्या काढून टाका, डासांची पैदास तिथेच. पिठ्या ढेकूण दिसला तर १ लिटर पाण्यात ५ मिली कडुलिंबाचं तेल आणि दोन-चार थेंब भांडी घासायचा द्रव, संध्याकाळी फवारा. सकाळी मारलंत तर उन्हात पानं करपतात.

---

घोडबंदरकर

वा, भरपूर झालं. दोन राहिले. होळी आवारात पेटवतात, दम्याचे पाचसहा जण आहेत. आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला निम्म्या बायका येतच नाहीत. गुढीचंही सांगा, दरवर्षी कुणीतरी स्टुलावर चढतं.

---

डाएटवाली_खारघर

होळी लहान करा, हातभर. आपल्याकडे संध्याकाळी वारा बहुधा पश्चिमेकडून असतो, म्हणून इमारतीच्या पूर्वेला पेटवा, धूर खोल्यांत शिरत नाही. ओली लाकडं आणि पालापाचोळा नको, धूर त्यांचाच. दम्याच्या लोकांनी खिडक्या लावून आत बसावं, पंप जवळ. धुळवडीला कोरडा रंग, तोही कपाळापुरता. नुकतं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले लांबच, श्रवणयंत्रं आधी काढून डबीत.

हळदीकुंकवाला न येणाऱ्या बहुतेक विधवा असतात. त्यांना कुणी नको म्हटलेलं नसतं, पण ताट फिरत फिरत आपल्यापाशी येऊन पुढे जाणार, हे त्यांना नको असतं. ताट फिरवूच नका. हळद, कुंकू, अत्तर, मोगऱ्याचे गजरे एका टेबलावर, ज्याला जे हवं ते. आमंत्रणात "चैत्रातली डाळ-पन्हं, सर्वांना" एवढंच लिहा, पुरुषांनाही बोलवा. आरास करायला कुणाला सांगायचं तेही त्यांच्यातल्याच दोघीतिघींना विचारून ठरवा. ओटीचे भिजवलेले हरभरे कवळीला कठीण, कुकरला एक शिट्टी काढा. चैत्रगौर अक्षय्य तृतीयेपर्यंत असते, तेव्हा एकाच दिवशी गर्दी न करता मजल्यागणिक दिवस वाटून घ्या.

---

फिजिओ_नौपाडा

गुढी: बाल्कनीत प्रत्येकाची वेगळी उभारायची असेल तर काठी सहा फुटांची पुरे. साडी, कडुलिंबाची डहाळी, गाठी, तांब्या हे सगळं टेबलावर काठी आडवी ठेवून बसूनच बांधायचं, मग उभी करायची. स्टूल लागतच नाही. तांब्याच्या तोंडात काठीला कापडाची घडी घट्ट बसवा, नाहीतर वाऱ्याने तो खाली पार्किंगमध्ये जातो. काठी ग्रिलला खाली आणि छातीच्या उंचीला अशा दोन ठिकाणी सुतळीने बांधायची, एकाच गाठीवर ती फिरते. सूर्यास्ताआधी उतरवताना आधी वरची गाठ सोडतात आणि काठी अंगावर येते. खालची आधी सोडा, पाया आत ओढून घ्या, मग वरची. हे मदतनिसाला पाडव्याच्या आदल्या दिवशीच दाखवून ठेवा.